सल्ला तिला, मुभा दुसऱ्याच्या हातात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेली १९ वर्षे मी गरोदर स्त्रियांच्या तपासणी कक्षात परिचारिका म्हणून काम करते आहे. वजन करणे, रक्तदाब पाहणे, गोळ्या देणे आणि घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची ते समजावून सांगणे, हे माझे रोजचे काम. हल्ली हे समजावताना मी मध्येच अडखळते, कारण समोरची बाई मान डोलावते तेव्हा यातले निम्मे तिच्या हातात नाही हे तिला आणि मला, दोघींनाही ठाऊक असते. त्या निम्म्याविषयी आपल्याशी बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही दिवसांपूर्वी सातवा महिना लागलेली एक बाई थंडी वाजून ताप आल्याने आली. लघवीला जळजळ होत होती, कुशीत दुखत होते आणि ओठ कोरडे पडले होते. दिवसभरात पाणी किती पिता, असे विचारल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "कामावर असताना पीतच नाही, सिस्टर." नऊ तासांच्या पाळीत तिला दोनदाच जागा सोडता येत होती आणि तिसऱ्यांदा उठले तर पगार कापला जात होता, म्हणून उठावेच लागू नये अशी व्यवस्था तिने स्वतःपुरती करून घेतली होती. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, त्यांवर गर्भाशयाचा दाब येतो, लघवी साचून राहते आणि जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढणे सोपे होते. असा संसर्ग वेळेआधी कळा सुरू होण्याचे एक कारण ठरू शकतो. तिचे तपासणी कार्ड उघडले, तर मागच्या भेटीची नोंद होती : 'भरपूर पाणी प्यावे.' अक्षर माझेच होते.

यावर औषध आम्ही देतो, पण मूळ दुखणे कामाच्या ठिकाणी आहे. गरोदर स्त्रीला गरज पडेल तेव्हा पाणी पिण्याची, लघवीला जाण्याची आणि बसून काम करण्याची मुभा पगार न कापता मिळाली पाहिजे, आणि ती वरिष्ठाच्या मर्जीवर नव्हे तर नियमाने मिळाली पाहिजे. ही मागणी नवी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० साली मातृत्व संरक्षणाचा १८३ क्रमांकाचा करार संमत केला. त्याच्या जोडीच्या १९१ क्रमांकाच्या शिफारशीत जड वजन उचलणे, फार वेळ उभे राहणे वा एकाच जागी बसणे आणि अतिउष्ण वा अतिथंड जागी काम करणे यांपासून गरोदर स्त्रीला पर्याय द्यावा, तसेच तपासणीसाठी तिला कामावरून जाऊ द्यावे, असे म्हटले आहे. हा विषय कामगार खात्याचा आहे, असे उत्तर मला पूर्वी मिळाले आहे. परंतु आजारी पडल्यावर ती बाई कामगार खात्यात जात नाही, आमच्या दारात येते. म्हणून हा विषय आपण स्वतः त्या खात्यापुढे मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आमच्याच घरातली उणीव सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसूतीपूर्वी किमान आठ तपासण्यांची शिफारस केली. त्यांतली पहिली बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असे त्यात आहे. आम्ही भेटींची संख्या मोजतो, पण भेटीत काय झाले ते कोणी पाहत नाही. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीला टेकलेले असावेत, दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला असावा आणि त्या वेळी बोलू नये. प्रत्यक्षात जिना चढून धापा टाकत आलेल्या बाईच्या दंडाला मी पट्टा बांधते आणि फुगवता फुगवताच तिला प्रश्न विचारते, कारण दाराबाहेर रांग असते. आकडा वाढलेला दिसला की धावपळीमुळे असेल असे म्हणून तो सोडून देण्याचा मोह होतो, आणि तो खरोखर वाढलेला असला तर तिथेच घात होतो. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे आणि चेहऱ्यावर अचानक आलेली सूज ही लक्षणे प्रत्येक बाईला आणि तिच्या घरच्यांना तोंडपाठ हवीत. ती सांगायलाही वेळ लागतो. प्रत्येक भेटीला किमान वीस मिनिटे आणि त्या हिशेबाने पुरेशा परिचारिका, एवढे आपण मंजूर करावे.

लोहाच्या गोळ्यांचेही तेच आहे. गोळी हातात ठेवली म्हणजे ती पोटात गेली असे नाही. शौचाचा रंग काळा होतो, पोट जड राहते आणि घाबरून बाई गोळी बंद करते. हा रंग गोळीमुळेच आहे आणि चहा-कॉफीबरोबर गोळी घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, एवढे आधी सांगितले तर पुष्कळ जणी गोळ्या पुऱ्या करतात.

फॉलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत मात्र आम्ही बहुतेक वेळा उशिराच पोहोचतो. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेतून घडतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून सुरू व्हायला हवी. म्हणून ही माहिती आणि गोळी मूल हवे असे ठरवणाऱ्या जोडप्यांपर्यंत आधीच पोहोचली पाहिजे. तपासणी कक्षाच्या दारात तिची वाट पाहून उपयोग नाही.

दुकानातून सहज मिळणाऱ्या वेदनाशामकांविषयीही बोलले पाहिजे. आयब्युप्रोफेनसारखी औषधे विसाव्या आठवड्यानंतर घेतल्यास बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये दिला. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींना पाकिटावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. अशा प्रत्येक पाकिटावर दुरूनही कळेल असे गरोदर स्त्रीचे चित्र आणि मनाईची खूण छापणे सक्तीचे करावे.

धुराचे तर काय सांगावे! बाई स्वतः ओढत नाही, पण शेजारी बसून ओढणाऱ्याचा धूर तिच्या आणि बाळाच्या वाट्याला येतो व बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. हे तिला सांगून काय होणार? ते ओढणाऱ्याला सांगायला हवे, आणि तो तपासणीच्या वेळी बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला आत बोलावण्याची सूचना आपल्या खात्याने लेखी द्यावी. मी ती उद्यापासून पाळीन.

त्या बाईचा ताप उतरला आहे आणि ती पुन्हा कामावर रुजू झाली आहे. तिची पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. तिच्या कार्डावर पाण्याविषयी पुन्हा लिहिताना त्याखाली आपल्या नियमाचा क्रमांक लिहिता यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली नम्र,
प्रसूतिपूर्व तपासणी कक्षातील एक परिचारिका