सातबाऱ्यावर नदी नसते, मग मच्छीमाराने काय दाखवायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की सगळ्या पेपरात एक फोटो ठरलेला असतो, नर्मदेवरचं सरदार सरोवर भरलं, दरवाजे उघडले, नारळ-फुलं वाहिली, जलपूजन झालं. फोटो छानच असतो, खोटं कशाला बोलू, मीपण फॅमिली ग्रुपवर टाकलाय. पण मी मूळचा शहाद्याचा आणि तेरा वर्षं झाली नोकरीनिमित्त अंकलेश्वरला राहतो, म्हणजे धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या या काठाला आम्ही नि त्या काठाला भरूच. त्यामुळे दरवाजे बंद असताना नर्मदा कशी दिसते ते मला रोज दिसतं आणि तो फोटो कुठल्याच पेपरात फारसा येत नाही म्हणून हे पत्र.

१७ जून २०१७ ला धरणाचे दरवाजे टाकले, उंची १३८.६८ मीटर झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात भरूचच्या जुन्या गोल्डन ब्रिजखाली (१८८१ चा पूल, अजून उभा आहे) पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, स्टंपच्या जागी फुटक्या होडीची फळी. धरणातून खाली सोडत होते ६०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण १७ हजार लिटर. ऐकायला लई वाटतं पण एवढ्या रुंद पात्रात ते वाळूतच जिरतं. मग वरून पाणी नाही म्हटल्यावर समुद्र आत शिरणारच ना, भरतीचं खारं पाणी वर वर चढत गेलं, काठच्या गावांच्या बोअरला खारं पाणी यायला लागलं.

आता इथल्या माच्छी, म्हणजे मच्छीमार लोकांचं सांगतो. यांची सगळी कमाई पावसाळ्याच्या चार महिन्यांची. हिलसा मासा, इथे पालवा म्हणतात, आपल्या कोकणात पाला, हा राहतो समुद्रात पण अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो. नदीला पूर आला, गढूळ गोडं पाणी खाडीत ढकललं गेलं की त्या पाण्याच्या मागावर तो वर चढतो. पूर नाही तर त्याला कळणार कसं? भरूचचा हिलसा बर्फात घालून थेट कोलकात्याला जातो, बंगाली माणूस त्याला काय भाव देतो ते सांगायला नको.

आषाढी एकादशीला आपल्याकडे वारी पंढरपुरात असते ना, त्याच दिवशी इथले मच्छीमार नदीची पूजा करून सीझन सुरू करतात. मी एकदा आमच्या ओळखीच्या एका काकांबरोबर गेलो होतो. होडीत दुधाचे कॅन, बायकांच्या हातात लाल चुनडी, मधल्या धारेत जाऊन दूध ओतलं, चुनडी सोडली, सगळे नर्मदे मैया की जय ओरडले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी जाळं ओढलं तेव्हा मी काठावर होतो. आठ-दहा बोयी मासे, एक प्लास्टिकचं पोतं आणि बोटभर काळा गाळ, बस. पालवा एक नाही. काका काही बोलले नाहीत, पोतं झटकलं, घडी घातली आणि होडीत ठेवलं, म्हणाले कामाला येईल. काकी त्या सीझनला बऱ्याचदा ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून हाताने निवट्या (चिखलातले छोटे मासे) पकडून विकायच्या, त्यावर घर चाललं.

आणि आता यावर उपाय काय काढलाय, तर अजून एक भिंत! भरूचच्या खाली भाडभूत गावाजवळ, समुद्रापासून साधारण २५ किलोमीटरवर, नदीवर आडवा बराज, म्हणजे दरवाजांचा बंधारा बांधतायत, दीड किलोमीटरच्या आसपास लांब, ९० दरवाजे, वरून सहा पदरी रस्ता. पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. कारण काय सांगतात, तर खारं पाणी अडवायचं आणि गोडं पाणी साठवायचं, दहेजच्या इंडस्ट्रीला आणि गावांना द्यायचं. मला सांगा, खारं पाणी आत आलं कशामुळे? वर पाणी अडवलं म्हणून. म्हणजे आधी वरून नळ बंद करायचा आणि मग खालून बोळा कोंबायचा. आणि मधे जो मासा समुद्रातून नदीत नि नदीतून समुद्रात जा-ये करतो त्याचं काय, तर म्हणे माशांसाठी वेगळी वाट ठेवलीय. मी स्वतः केमिकल कंपनीत आहे, आमच्या प्लांटलाही पाणी लागतंच, त्यामुळे इंडस्ट्रीला शिव्या घालून मोकळं होणाऱ्यातला मी नाही. पण माशाच्या वाटेची गोष्ट ऐकली की मला गंगेवरचा फरक्का आठवतो. १९७५ ला तो बराज सुरू झाला, त्याच्या आधी हिलसा पार अलाहाबादच्या पुढे जायचा, नंतर वरच्या गंगेत तो जवळपास दिसेनासा झाला. थायलंडला मुन नदीवर पाक मुन धरण १९९४ ला झालं, तिथेही माशांना चढायला पायऱ्या केल्या होत्या, मासे काही चढले नाहीत. तिथले कोळी वर्षानुवर्षं धरणापाशी ठिय्या देऊन बसले, शेवटी २००१ मध्ये सरकारने वर्षभर दरवाजे उघडे ठेवले आणि खरंच बरेच मासे परत वर आले, गावकऱ्यांनी स्वतः त्यांची मोजदाद केली. मग दरवर्षी चार महिने दरवाजे उघडायचे असं ठरलं. पूर्ण न्याय नाही पण काहीतरी झालं.

इथलेही मच्छीमार गप्प बसलेले नाहीत. होड्यांवर काळे झेंडे लावून नदीत उतरले, मोर्चे काढले, हरित लवादात (पर्यावरणाचे दावे चालतात तिथे) गेले. पण प्रत्येक ठिकाणी गाडी एकाच जागी अडते, तुमचं नुकसान किती, कागद दाखवा. आता शेतकऱ्याची जमीन गेली तर तो सातबारा दाखवतो, घर गेलं तर घरपट्टीची पावती. नदीचा सातबारा कुणाच्या नावावर असतो? काकांच्या पणजोबापासून यांचं जाळं त्याच धारेत पडतंय पण त्याचा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळणार. नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने १९७९ ला निकाल दिला त्यात वरच्या बुडणाऱ्या लोकांना जमिनीच्या बदल्यात जमीन असं निदान लिहिलं तरी, (ती मिळवताना आमच्या अक्कलकुवा-धडगावच्या लोकांचे काय हाल झाले ते वेगळंच, महाराष्ट्राची ३३ गावं आहेत त्यात, मणिबेलीचं नाव तर सगळ्यांना माहिती आहे). पण धरणाच्या खाली राहणाऱ्याचं काही बुडतच नाही ना, त्याचं सुकतं, म्हणून तो प्रकल्पग्रस्त नाही. वर्ल्ड बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये सांगितलं होतं की खालच्या नदीवर आणि खाडीवर काय परिणाम होईल याचा नीट अभ्यासच केलेला नाही. त्याला आता तीस वर्षांच्या वर झाली.

आपण महाराष्ट्रातले लोक म्हणू की हे गुजरातचं मॅटर आहे, आपल्याला काय. तर नर्मदेच्या २८ मिलियन एकर फूट पाण्यात आपला वाटा पाव मिलियन का होईना आहे, धरणाच्या विजेत आपला २७ टक्के वाटा आहे. लाईट घेताना आपण पार्टनर आणि मच्छीमार विचारायला आला की तो गुजरातचा, हे बरं आहे.

मागण्या फार मोठ्या नाहीत हो. धरणातून खाली बारा महिने नदी वाहती राहील एवढं पाणी सोडा, ६०० वर भागत नाही हे सगळ्यांनी पाहिलंय. भाडभूतचे दरवाजे निदान आषाढ ते कार्तिक उघडे राहतील हे तोंडी नको, लेखी द्या. आणि नुकसानीची यादी करताना सातबारा मागू नका, होडीचं लायसन्स आहे, सोसायटीची मेंबरशिप आहे, जाळं आहे, ते मोजा. बायका निवट्या पकडतात, मासे विकतात त्यांच्याकडे तर लायसन्सपण नसतं, त्यांना गावात जाऊन विचारून लिहून घ्यावं लागेल.

तुमचा बातमीदार पुढच्या वर्षी जलपूजनाचा फोटो घ्यायला केवडियाला येईलच. तिथून भरूच काही फार लांब नाही. आदल्या महिन्यात आषाढीला आला तर काकांच्या होडीत जागा आहे, दूध ओतायच्या आधी पाणी चाखून बघायला सांगा त्याला.

आपला नेहमीचा वाचक,
अंकलेश्वर (मूळ गाव शहादा, जि. नंदुरबार)