सकाळचे दोन तास लेकरांसाठी राखून ठेवा

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदया, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. बावीस वर्षं झाली. गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. पत्र लिहायला निमित्त झालं ते पोळ्याच्या आठवड्यातल्या एका भेटीचं. एक अधिकारी अंगणवाडी तपासायला आले. अठरा लेकरं तीन घोळक्यांत बसली होती. पोळा तीन दिवसांवर आला होता, म्हणून एक घोळका मातीचे बैल करत होता. दुसरा चिंचोके निवडत होता. तिसऱ्या कोपऱ्यात भातुकली मांडली होती. साहेब दारातच थांबले आणि म्हणाले, "इथं शिकवणं कधी सुरू होतं?" मग एका चार वर्षांच्या पोराला उभं करून पन्नासपर्यंत अंक म्हणायला लावले. पोरगं माझ्या पदराआड लपलं. भेटीच्या वहीत शेरा पडला, 'लेखन-वाचनाकडे लक्ष द्यावे.'

वाईट वाटलं. पण राग त्या साहेबांवर नाही, कारण गावातल्या आयाही मला हेच म्हणतात. "ताई, लेकराच्या वहीत कायच नाही. नुसतं खेळतंय." शेजारचं पोरगं टाय लावून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतं आणि संध्याकाळी चार पानं गिरवून आणतं, ते त्यांना रोज दिसतं. आमच्या मराठवाड्यात लातूर पॅटर्नचं नाव मोठं. त्यानं साध्या घरांतल्या कितीतरी पोरांना डॉक्टर-इंजिनिअर व्हायची वाट दाखवली, हे मी नाकारणार नाही. पण दहावी-बारावीची ती घाई उतरत उतरत आता तीन वर्षांच्या लेकरापर्यंत आली आहे. आईला मी दोष देत नाही. आपल्या पोटच्या पोरानं कोयता हातात घेऊ नये एवढीच तिची धडपड असते, आणि भरलेली वही बघितली की तिच्या जिवाला धीर येतो.

म्हणून त्या तीन घोळक्यांत काय चाललं होतं ते मी आपल्याला नीट सांगते. बैल करणाऱ्या लेकरांची बोटं आणि मनगटं तयार होत होती. चार वर्षांच्या लेकराच्या मनगटातली सगळी हाडं अजून घट्टसुद्धा झालेली नसतात, काही नुसती कूर्चा असते. त्या हातात पेन्सिल कोंबली की लेकरू मूठ आवळून लिहायला लागतं, आणि ती सवय पुढं मोडता मोडत नाही. माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, ज्वारीतले खडे वेचणं ही सगळी लिहिण्याचीच तयारी आहे. चिंचोकेवाली लेकरं मोठे-बारके, काळे-तांबडे असे ढीग लावत होती. त्यातल्या एकानं करवंट्यांचा तराजू ओढला, एका पारड्यात कोरडी वाळू आणि दुसऱ्यात तेवढीच ओली वाळू घातली. ओलीचं पारडं खाली गेलं तसा तो माझ्याकडं आला. "बाई, पानी जड असतंय का?" हा प्रश्न त्याला कुणी शिकवला नव्हता. फळ्यावर एक ते पन्नास लिहून मी तो त्याच्या तोंडून काढूही शकले नसते.

भातुकलीचं तर जास्तच सांगण्यासारखं आहे. गेल्या एप्रिलात साखर कारखान्यावरून परत आलेली एक पाच वर्षांची मुलगी चार दिवस तोंडातून शब्द काढत नव्हती. पाचव्या दिवशी तिनं अंगणाच्या कडेच्या तुराट्या गोळा केल्या, सारख्या लांबीच्या मोडल्या आणि मोळी बांधायला बसली. गुडघा दाबून चिंधीचा वेढा दिला, गाठ मारली, मोळी डोक्यावर घेतली आणि ओट्याकडं निघाली. तो ओटा म्हणजे तिची गाडी होती. मी तिला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "एका मोळीत किती काड्या घालायच्या गं?" ती म्हणाली, "सारख्या." मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, दोन्ही हातांची बोटं जितकी तितक्या. आठवडाभरात सात-आठ लेकरं मोळ्या बांधू लागली. एक जण मुकादम झाला आणि मोजायला बसला, "तीन मोळ्या अन् चार सुट्ट्या." पहिली-दुसरीत गुरुजी दशक आणि एकक समजवायला आठवडे घालवतात. माझ्या अंगणात ते तुराट्यांनी समजलं, आणि ज्या पोरीनं समजावलं तिच्या मनातली भीतीही त्या खेळात थोडी थोडी उतरत गेली. महिना संपेतो ती गाणी म्हणत होती.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधल्या कामगारवस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हापासून जग हे बघत आलं आहे की लेकराला हातानं करायला मिळालं, स्वतः निवडायला मिळालं, तर ते आपणहून शिकतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार आपल्या मातीत रुजवला. मॉन्टेसरींची साधनं महाग, म्हणून ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं हाताशी घेतली. १९४५ मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. आपल्या खात्याच्या प्रत्येक पाटीवरचा 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या तीस वर्षं आधी ही वाट सुरू झाली होती.

आया विचारतात, खेळून पुढं काय होतं? त्यांना मी अमेरिकेतल्या एका बालवाडीचं सांगते. मिशिगन राज्यात १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या ५८ जणांना अशा बालवाडीत घातलं जिथं लेकरानं आधी काय करायचं ते ठरवायचं, मग ते करायचं, मग काय केलं ते सांगायचं. चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांची विचारपूस केली. बालवाडीत गेलेली मुलं बाकीच्यांपेक्षा जास्त शिकली, जास्त कमावती झाली आणि पोलिसांच्या हाती कमी लागली. आता मीही सकाळी लेकरांना विचारते, "आज तू काय करणार?" आईला 'याडी' म्हणणारं बंजारा तांड्यावरचं लेकरू हे उत्तर त्याच्या बोलीत देतं, आणि मी त्याच्याकडून दोन शब्द शिकते.

कागदावर तर आपणही हेच म्हणता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, हेही त्याच धोरणात आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४ मध्ये 'आधारशिला' अभ्यासक्रम आणला, तो खेळावरच उभा आहे. अंगणवाडी सेविकांना तो शिकवणारं 'पोषण भी पढाई भी'चं प्रशिक्षण मी घेतलं. मनापासून सांगते, आनंद झाला. जे आम्ही लपूनछपून करत होतो ते आता पुस्तकात आलं. एवढंच खटकलं की त्यात पाण्याचे खेळ आहेत आणि आमच्याकडं मार्च लागला की टँकरची वाट बघावी लागते. मग आम्ही वाळू आणि ज्वारी घेतो. ज्वारीशी खेळताना आयांचा जीव खालीवर होतो, म्हणून दाणा न् दाणा वेचून कोंबड्यांना घालायचा हाही खेळाचाच भाग करून टाकला आहे.

पण महोदया, हा अभ्यासक्रम राबवायचा कधी? सकाळी लेकरं आली की आधी मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी. रेंज नसली तर मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जायचं. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, वाटताना चेहरा पडताळणी, आणि ती जुळली नाही तर बाई लेकरू कडेवर घेऊन तासभर उभी. वजन, उंची, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, मतदार यादीचं काम. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज आम्हीच भरले, आणि त्या बायांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून थकवा विसरलो. यातलं एकही काम फालतू नाही. कुपोषित लेकराचं वजन वेळेवर घेतलं म्हणून ते वाचलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी ही सगळी कामं त्याच दोन तासांत येऊन पडतात, जेव्हा लेकरं माझ्यासमोर असतात. अशा वेळी मदतनीस ताई चूल बघत बघत लेकरं सांभाळतात आणि मी मोबाइलच्या पडद्याकडं बघत असते. लेकरू हातात बैल घेऊन येतं, "बाई, बघा की." मी म्हणते, "थांब जरा." दिवसातून किती वेळा म्हणते ते मोजायला लागले आणि मोजणं बंद केलं.

तेव्हा माझी मागणी एकच आहे. लेकरं आल्यापासून गरम ताज्या आहाराच्या वेळेपर्यंतचे दोन तास फक्त लेकरांचे, असा लेखी आदेश काढा. त्या वेळात बैठक नको, ऑनलाइन माहिती नको, 'आत्ता लगेच पाठवा' असा ग्रुपवरचा निरोप नको. मोबाइलचं काम आम्ही त्यानंतर करू, करतोच आहोत. आणि तपासायला येणाऱ्यांच्या नमुन्यात लेकराला किती लिहिता येतं ही विचारणा असू नये. त्या जागी, आज लेकरांनी काय निवडलं आणि त्याबद्दल ती काय बोलली, हे विचारायला सांगा. वर्षातून एकदा आयांना अर्धा दिवस अंगणवाडीत बसवून स्वतः खेळू द्या. मी दोनदा केलं आहे. ज्या आईनं करवंटीच्या तराजूत स्वतः वाळू तोलली ती परत वहीचं विचारायला आली नाही.

आता ऊसतोडीचं, कारण माझ्या लेकरांना ते दोन तासही वर्षभर मिळत नाहीत. 'आधारशिला'चं वेळापत्रक ४८ आठवड्यांचं आहे. आमची लेकरं दसऱ्यानंतर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. म्हणजे निम्मा अभ्यासक्रम सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जातो. मोठ्या भावंडांसाठी पूर्वी कारखान्याच्या तळावर साखरशाळा झाल्या, आता हंगामी वसतिगृहं आहेत. सहा वर्षांच्या आतलं लेकरू मात्र आईच्या मागंच फडात जातं, पहाटेच्या थंडीत, उसाच्या बांधावर चादरीत गुंडाळलेलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असं लिहिलं आहे. ते 'करू शकेल' कोपीवरच्या लेकरापासून सुरू करा. ताराबाई कुरणात गेल्या, तशी कारखान्याच्या तळावर हंगामापुरती अंगणवाडी जाऊ द्या. आमच्याच गावातून तोडीला जाणाऱ्या शिकलेल्या सुना आहेत, त्यांतली एखादी तिथं नेमता येईल. तिला लेकरांची बोली येते, आणि लेकरं तिला ओळखतात.

दसऱ्यानंतर गाड्या हलतील. माझ्या हजेरीपटावरची अकरा लेकरं त्यांत असतील. कोणतं लेकरू कुठल्या कारखान्याच्या तळावर जाणार याची यादी मी दरवर्षी मुकादमांना विचारून लिहून ठेवते. आपल्या कार्यालयानं मागितली तर त्याच दिवशी पाठवीन.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
ता. धारूर, जि. बीड