गोळी वाढली म्हणजे आजार वाढला असे नाही

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी थायरॉइडची गोळी पन्नासची पंचाहत्तर झाली हे फोनवर ऐकताच आईने विचारले, "म्हणजे आजार वाढला का गं?" आणि लगेच, "दिवस गेलेल्या बाईने उपाशीपोटी गोळ्या घ्याव्यात का? गरम पडतात." दोन्ही शंका रास्त आहेत, पण फोनवर त्यांचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, हे आईला सावकाश वाचून दाखवा.

आजार होता तेवढाच आहे. वाढली आहे ती गरज. गळ्यातली ग्रंथी जे संप्रेरक कमी बनवते तेच या गोळीत असते, त्यामुळे ती गरम पडण्याचा प्रश्न येत नाही. गरोदरपणात निरोगी बाईची ग्रंथी आपसूक जास्त काम करते. माझीला ते जमत नाही, म्हणून ती भर गोळीने घालायची. बहुतेक जणींचा डोस या काळात पाव ते निम्म्याने वाढतो. घाई कशाची, तर गर्भाची स्वतःची ग्रंथी १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास काम करू लागते आणि तिचे काम नीट मार्गी लागायला १८ ते २० आठवडे उजाडतात. तोपर्यंत मेंदूच्या वाढीसाठी त्याला जे संप्रेरक लागते ते प्रामुख्याने माझ्याच रक्तातून मिळणार. ग्रंथीचे काम कमी पडले की रक्तातला टीएसएच नावाचा आकडा वाढतो, आणि माझा ४.१ आला होता. एरवी लॅबच्या कागदावर हा आकडा बहुधा नॉर्मलच्या रकान्यात बसला असता, पण आधीपासून गोळी चालू असलेल्या गरोदर बाईचा तो २.५ च्या खाली ठेवतात. आता पाचवा महिना होईपर्यंत दर चार आठवड्यांनी रक्त तपासायचे आहे आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एकदा.

आई, तू विचारशील म्हणून सांगते. सकाळी उठल्यावर तपकिरी बाटलीतली गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेते आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घेत नाही, कारण चहा, दूध, खाणे पोटात असले की ती पुरती अंगी लागत नाही. सध्या मळमळ फार आहे, आणि रिकाम्या पोटी ती जास्तच होते, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण गोळी पोटात राहते आहे. उलटीत पडू लागली, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेण्याची मुभा डॉक्टरांनी दिली आहे. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील. त्या हिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. "सगळ्या एकदम घेऊन मोकळी हो" हा तुझा नेहमीचा शिरस्ता इथे चालणार नाही.

"बाळाला लागतील, गोळ्या बंद कर," असे गल्लीतल्या बायका तुला सांगत असतील. त्यांचा हेतू चांगला असला, तरी उपचार न केलेल्या थायरॉइडनेच गर्भपाताचा, वेळेआधी बाळंतपण होण्याचा आणि रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळीऐवजी कुणाचा काढा नको. कोबी-फ्लॉवर शिजवून बेताने खायला हरकत नाही. मीठ मात्र आयोडीनचे पुडीतलेच हवे, कारण लोणच्यासाठी आणतो त्या खड्याच्या मिठात आयोडीन असेलच असे नाही. वेळ अमावास्येला शेतात येणार आहे. भज्जीत आणि आंबिलीत तेवढे पुडीचे मीठ घाल, बाकी काही पथ्य नाही.

थायरॉइडच्या तक्रारी पुष्कळदा एकाच घरात दिसतात. आईचे थकणे, बारमाही थंडी वाजणे आणि कोरडी पडलेली कातडी आपण वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो आहोत. बाबा, पुढच्या खेपेस लातूरला जाल तेव्हा तिचाही टीएसएच करून घ्या. एका रक्ताच्या तपासणीचे काम आहे, आणि ती नको म्हणाली तरी ऐकू नका.

पहिले बाळंतपण माहेरीच होणार, तेव्हा पुढचेही सांगून ठेवते. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीच्या मापावर आणतात आणि सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. अंगावर पाजतानाही गोळी चालते, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीत ती बाटली माझ्या हाताशीच राहू दे. उन्हाळा असला तर पत्र्याखालच्या फळीवर नको. लातूरला जिथे नाव घालायचे ठरवाल, तिथे नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासतात का, एवढे बाबांनी आधीच विचारून घ्यावे. तशी सोय नसेल तर लवकर कळवा, म्हणजे दुसरा दवाखाना पाहता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुमची लेक