शुभे, तोच काढा सापडलाय

शुभे,

सात महिने झाले ना गं, माहितीये. तू फोन उचलला नाहीस म्हणून मी रुसले आणि मग रुसलेय हेच विसरून गेले. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू, गुडघे होते तसेच. पण हे तुलाच लिहावं लागतंय, यांना सांगितलं तर घर डोक्यावर घेतील.

परवा आमच्या लेकीच्या, मनूच्या कपाटात थर्मास सापडला. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं, ओवा, तीळ, आलं, गूळ. आपलाच काढा गं! होस्टेलमध्ये तुझी पाळी लांबली तेव्हा शेगडीवर उतू गेला होता तोच. आधी हसूच आलं, खरंच. मग पोटात गोळा.

विचारलं तर म्हणते ट्रिपच्या आधी पाळी उरकायला हवी म्हणून पितेय. बरं. पण ट्रिपला अजून तीन आठवडे आहेत आणि माझ्या हिशोबाने तिची तारीख उलटून नऊ दिवस झालेत. (हो, ठेवते मी हिशोब, घरात पॅड कोण आणतं?)

मग डॉक्टर बाईंना विचारलं, मनूचं नाव न घेता, "मैत्रिणीच्या मुलीचं आहे" म्हणून. म्हणजे तुझ्या. तुला मुलगी नाही हे त्यांना कुठे माहितीये, सॉरी. त्या म्हणाल्या पाळी कधी येणार हे स्त्रीबीज कधी सुटलं त्यावर ठरतं, बीज सुटलं की साधारण 14 दिवसांनी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन उतरतं आणि गर्भाशयाचं अस्तर गळतं, आणि टेन्शन, थायरॉइड, वजन झपाट्याने उतरणं असलं काही झालं की बीजच उशिरा सुटतं, मग ओवा प्या नाहीतर तीळ चावा, त्याला घाई होत नाही. आल्याने पोटदुखी थोडी कमी होते, तारीख नाही हलत. ट्रिपसाठी पाळी पुढे ढकलायची तर नोरेथिस्टेरॉनच्या गोळ्या असतात, तारखेच्या 3 दिवस आधी सुरू करायच्या, पण तेही डॉक्टरला विचारून, रक्ताच्या गाठी झालेल्यांना त्या चालत नाहीत. आणि तारीख उलटलीच असेल तर आधी टेस्ट, बाकी सगळं नंतर. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, मला वाटलं झालं, कळलं यांना.

म्हणजे होस्टेलच्या त्या फेब्रुवारीत तुला पाळी आली ती माझ्या पपईने नाही आली. तिळानेही नाही, त्यामुळे तू जिंकलीस असं अजिबात समजू नकोस. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाला आकुंचन येतं एवढं प्रयोगात दिसलंय म्हणे, पण तू काय उंदीर नव्हतीस. पाच दिवस तुला भरवलं, सहाव्या दिवशी आली, आणि आपण वीस वर्षं श्रेयावरून भांडतोय. ती येणारच होती.

आणि नसती आली तर? मी "अजून दोन दिवस पी" म्हणत राहिले असते गं. कुणालाच सांगितलं नसतं आपण, तुझ्या आईला तर मुळीच नाही.

मनूच्या मोबाईलवर पेनीरॉयल तेलाचं पण काहीतरी उघडं होतं. ते पुदिन्याच्या जातीचं झाड, त्याच्या तेलाने लिव्हर जातं. 1978 मध्ये अमेरिकेत 18 वर्षांच्या एका मुलीने ते पोट पाडायला घेतलं, जवळपास 30 मिली, आणि आठवड्याभरात गेली. हे वाचून मी थर्मास धुऊन टाकला, जसं काही तेल त्यातच होतं.

टेस्टचं किट आणून बाथरूममध्ये पॅडच्या मागे ठेवलंय. काल दोनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा "दूध घेणार का?" विचारून परत आले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, आई, आत्ताच तर घेतलं.

तू करशील का तिला फोन? आजच. तुझ्याशी बोलते ती, माझ्याशी बोलत नाही तेही. तुझी नवी नोकरी, सासूबाईंचा मोतीबिंदू, सगळं मला नंतर सांग, मनापासून ऐकेन. आणि फेब्रुवारीचं तिला सांगावंसं वाटलं तर सांग, माझ्या नावासकट, फक्त पपई माझी आयडिया होती हे जरा हळू सांग.

तुझीच,
नंदी