खांदा बसला की शर्ट बसला

सेलू

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

मुलाखतीसाठी संभाजीनगरच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून आणलेल्या कपड्यांचे फोटो बघितले. शर्टांचं कापड छान निवडलंस. जुने कपडे म्हणून मित्रांपुढं लाजू नकोस. आपल्या गल्लीतली भांडेवाली पातेलं देऊन कपडे नेते, ते धुऊन, इस्त्री होऊन असेच बाजारात येतात. पण कोटात मात्र तू बुजगावण्यावानी दिसायलास. शाळेचा ड्रेस वाढत्या अंगाचा शिवला की रुसायचास, अन् आता स्वतःहून ढगळ कपडे घ्यायलास!

ते अंगाबरोबर करायचे तर आधी सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून घे. सुती कापड पाण्यात आटतं, म्हणून माप त्यानंतरच. पँट टेरिकॉटची दिसते, ती काही आटायची नाही.

निळ्या शर्टाची खांद्याची शिवण तुझ्या हाडावर बरोबर बसते, म्हणून तो जमतो. उलटा करून अंगात घाल अन् मित्राला दोन्हीकडून सारख्या टाचण्या लावायला सांग. इथं नवशिके गणितात फसतात. छाती चार इंच सैल आहे म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार इंच दाबतात, मग शर्ट अंगात शिरतच नाही. अरे, बाजू दोन अन् प्रत्येक बाजूला कापडाचे पदर दोन. जुन्या शिवणीपासून एकच इंच आत टीप घातली तरी चारही पदर मिळून चार इंच जातात. तू पाऊण इंचच दाब, बसता-उठता थोडी ढिलाई लागतेच.

टीप कफाच्या जरा वरून सुरू कर, बाहीतून काखेत अन् तिथून खाली घेरापर्यंत सलग आण. नुसती बाजू दाबून काखेत थांबलास तर तिथं फुगा येतो. काखेत कोपरा करायचा नाही, गोलाई ठेवायची. मशीन नाही म्हणून अडून बसू नकोस. कच्चा धावदोरा घालून शर्ट अंगात घाल, हात वर करून बघ, खाली वाकून बघ. बरोबर वाटलं की त्याच रेघेवर हातानं बारीक उलटी टीप घाल, म्हणजे दर टाक्याला सुई जरा मागं घेऊन. वेळ लागतो, पण पक्की बसते. आतलं जास्तीचं कापड कापू नकोस. मेस सुटून घरचं खायला लागलास की अंग भरेल, तेव्हा उसवायला माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड, पाहिजे.

पांढऱ्या शर्टाचा खांदा दंडावर उतरलाय. तो घरात घालायला ठेव, त्याच्यावर मेहनत करू नकोस.

पँटची कंबर टेलरकडूनच करून घे. ती मागच्या मधल्या शिवणीतून दाबतात. दीड-दोन इंच सहज निघतात, त्याच्यापुढं गेलं की मागचे खिसे एकमेकांजवळ येतात अन् बघणाऱ्याला लगेच कळतं. लांबीचं माप बूट घालून दे, चपलेवर नाही.

कोटाला कुणालाच हात लावू देऊ नकोस. खांद्यात पॅड, आत कॅनव्हास, वरून अस्तर. खांदा कमी करायचा म्हणजे दोन्ही बाह्या काढून मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, नव्यानं कापायचा. ते काम जाणणारे कारागीर थोडे, अन् मजुरी कोटाच्या किमतीच्या वर जाईल. मुलाखतीला निळा शर्ट अन् फिट पँट पुष्कळ झाली. आपल्याकडच्या उन्हात कोट घालून घाम पुसत बसशील, उत्तरं काय देशील?

पण कोट विकू नकोस, येताना घेऊन ये. मामाचे खांदे रुंद आहेत, अन् हरभऱ्याला पाणी द्यायची लाईट यंदाही रात्रीचीच आहे. स्वेटरवरून त्याला तो बरोबर येईल. बटणं तेवढी सैल झालीत, ती मी इथं लावते.

तुझी,
आई