सर, त्या सोळा बोल्टांबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं सर. आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत.

कोल्हापूरहून भोसरीला येणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या कास्टिंगची, म्हणजे व्हॉल्व्हच्या ओतीव सांगाड्याची, पाण्याने प्रेशर टेस्ट घ्यायची, त्यासाठीचं फिक्श्चर, म्हणजे टेस्टवेळी कास्टिंग धरून ठेवणारी पकड, हे माझं पहिलं स्वतंत्र काम. मी दोन्ही फ्लँजना, म्हणजे टोकांच्या रुंद कडांना, तोंड बंद करणाऱ्या ब्लँक प्लेटी लावल्या, प्रत्येकीला आठ बोल्ट. दर कास्टिंगला सोळा बोल्ट आवळायचे आणि सोळा सोडायचे. फिटरमामा बोलले काही नाहीत, पण दुपारपर्यंत त्यांचे हात भरून यायचे. एखादा बोल्ट जरा सैल राहिला की गॅस्केटच्या, म्हणजे सांध्यात दाबून बसवलेल्या चकतीच्या, कडेने पाणी. त्यावर माझा उपाय काय, तर आणखी जाड गॅस्केट आणि आणखी जाड बोल्ट.

तुम्ही संध्याकाळी आलात. ड्रॉइंग बाजूला सारून म्हणालात, "या फिक्श्चरने कोणकोणती कामं करायची आहेत, ती लिही." मी लिहिलं, सील करणं. पुढे पेन्सिल थांबली. मग तुम्ही जुन्या प्रिंटच्या पाठीवर एकाखाली एक लिहीत गेलात: पाणी भरणं, हवा काढणं, सील करणं, जोर झेलणं, दाब देणं, रिकामं करणं. हवेचा मी विचारच केला नव्हता. पाणी फारसं दबत नाही; अडकलेली हवा दबते आणि बॉडी फुटली तर तीच तुकडे उडवते, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रत्येक कामासमोर तीन-चार पर्याय लिहायचे आणि मग त्यांची जुळणी करत बसायचं. हा तक्ता फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाच्या विचारातून आला, हेही तुम्हीच सांगितलंत. मग जोराचा हिशेब. 10 बार दाब, 100 मिमी व्यास, म्हणजे प्लेटीवर जवळपास 800 किलो. "सील करणं आणि हा जोर झेलणं, दोन्ही कामं तू एकाच बोल्टाच्या गळ्यात घातली आहेस," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधला कुकर तुम्ही माझ्या टेबलावर आणून ठेवलात, आतून बसणाऱ्या झाकणाचा. वाफ झाकण उघडायला बघत नाही, उलट त्याला रबरी रिंगवर दाबते. दाब उतरेपर्यंत झाकण निघतच नाही. "ज्याच्याशी भांडतेस, त्यालाच कामाला लाव."

उत्तर तुम्ही दिलं नाहीत. तीन दिवस लागले, पण सापडलं ते मला. प्लेटीला खाच आणि खाचेत ओ-रिंग, रबराची गोल कडी. पाण्याचा दाब तिला खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर रेटतो आणि सील आपोआप घट्ट होतं. जोर घ्यायला दोन टाय रॉडची, म्हणजे दोन्ही टोकं बांधून धरणाऱ्या सळ्यांची, चौकट. दोन टोकांचा जोर एकमेकांच्या विरुद्ध, मग तो रॉडमधून सरळ ताण होऊन जातो, रॉडला वाकवत नाही. सोळा बोल्टांच्या जागी एक हँडव्हील.

तरीही तुम्ही एक गोष्ट खोडलीत. मी चौकटीवर पाटी लावली होती, "दाब असताना उघडू नये." तुमचं म्हणणं, आधी धोकाच उरणार नाही असं बघायचं, ते जमलं नाही तर आडोसा, आणि पाटी सगळ्यात शेवटी. म्हणून त्याच पाण्याच्या लाइनवर एक पिन आली, दाब असेपर्यंत हँडव्हील फिरू न देणारी.

रचना स्पष्ट हवी, सोपी हवी, सुरक्षित हवी. कामं वाटून द्यावीत, जोराचा रस्ता आखूड ठेवावा. हे सगळं जर्मनीत गेरहार्ड पाल आणि वोल्फगांग बाइट्झ या प्राध्यापकांनी 1977 साली पुस्तकात नीट मांडून ठेवलं आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. वाचताना प्रत्येक पानावर तुमचा आवाज ऐकू येत होता. तुम्ही आयतं ड्रॉइंग हातात ठेवलं असतं तर फिक्श्चर तीन दिवस आधी झालं असतं. मी मात्र आजही बोल्टच जाड करत बसले असते. ते तीन दिवस तुम्ही वरच्यांची बोलणी खाऊन मला मिळवून दिलेत. फिटरमामांनी हे मागाहून सांगितलं.

तो प्रिंट अजून माझ्याकडे आहे. "रिकामं करणं" यासमोर तुम्ही नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण दर टेस्टचं पाणी गटारात जात होतं. आता ते गाळणीतून टाकीत परत येतं आणि पुढच्या बॉडीला वापरलं जातं. भोसरीला याल तेव्हा दाखवते.

तुमची विद्यार्थिनी