चाचा, वाटीतले चार स्क्रू उरलेत

चाचा, सलाम.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही "चल, ठेव आता" म्हणता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

परसातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत काल रात्री अडीच तास रेकॉर्डिंग केलं. बाहेर धो धो पाऊस. पत्रा वाजत होता, पण माइकमध्ये काही आलं नाही. हेडफोन काढला आणि तुमची आठवण आली.

ही खोली आवाजबंद करायला तुमच्याआधी येऊन गेलेल्यांचीही आली, खोटं कशाला बोलू? पहिल्यानं भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि 'साउंडप्रूफ' म्हणून पैसे नेले. ट्रेनं खोलीतला घुमारा जरा मोडतो, शेजारचा मिक्सर कसला थांबतोय! दुसऱ्यानं ॲडव्हान्स घेतला, त्याचा फोन अजून बंद आहे. मग मीच हट्टाला पेटले. लोखंडी चौकट, तिच्यात ५० मिलिमीटरचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), वरून जिप्सम बोर्ड, सगळं रविवारी रविवारी. हात आठवडाभर खाजायचे. आणि पहिल्याच वळवाच्या पावसात पत्र्याच्या हुकांच्या भोकांतून पाणी उतरलं. रॉकवूल भिजून खाली बसलं, बोर्डांवर पिवळे डाग. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "तोडून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे हे."

मी तुमच्याकडे आले होते तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला. बोलता बोलता रडगाणं गायले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सायकलवरून दारात हजर. भोपळा वाजवून बघावा तसे बोटांनी बोर्ड वाजवत, कान लावत भिंतभर फिरलात. कुठं भिजलंय ते न उघडताच सांगितलंत. मी हातोडा आणून दिला. तुम्ही तो बाजूला ठेवलात, पान्हा-पेचकस मागितलात आणि एक स्टीलची वाटी. मग एकेक स्क्रू उलटा फिरवून काढलात. माझे तिरके बसलेले, डोकं झिजलेले, सगळे. "मेहनतीनं लावलंयस बेटा. तोडायचं कशाला, उघडायचं."

पाणी आणते म्हणून मी घरात गेले ती दहा मिनिटं बाहेर आले नाही. तुम्हाला कळलं असणार, विचारलं मात्र नाहीत.

पुढं काय काय केलंत त्याची यादी देत नाही. रात्री मला आत अंधारात उभं करून बाहेरून बॅटरी फिरवलीत, "उजेड येतो तिथून आवाज येतो" म्हणालात आणि दाराखालची फट सापडली, तेवढं सांगते. "जन्मभर आवाज घुमवायचं काम केलं, आता तो कोंडायला लावलंस," असं म्हणून किती हसला होतात! पैसे घेतलेत ते फक्त जवारीचे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन (ही वस्तू त्याच गावची, अशी सरकारी ओळख) मिळालं, तेव्हा सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले, मीही ठेवला. तो अभिमान नक्की कशाचा, ते या वाटीपाशी कळलं. दुसऱ्याच्या फसलेल्या कामाला हलक्या हातानं हात लावणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांची व्हिजिटिंग कार्डं नसतात.

वाटीत चार स्क्रू उरलेत. दाराची रबरी पट्टी एका कोपऱ्यात सुटलीय, पण ती मी लावणार, तुम्ही हात लावायचा नाही. शुक्रवारी नमाजानंतर या. चहा घ्या, बसा आणि तंबोरा कसा बोलतोय तेवढं ऐका.

तुमची,
परसातली बेटी